छोटं जातं, मोठं अडतं

५ जाने.
ग्वाल्हेरचं धुकं. कॉलेजला पोचेपर्यंत शाल ओली. तिसऱ्या वर्षाला परत नेटवर्कचे थर. फळ्यावर तेच सात चौकोन. वरचा थर मजकूर देतो, खालचा त्यावर आपलं पाकीट चढवतो, पत्ता घालतो, आणखी खाली ढकलतो. पलीकडे तीच पाकिटं उलट्या क्रमाने उघडायची. कोणी कोणाच्या पाकिटात डोकवायचं नाही, आपापलं काम बघायचं. मागून एकजण : "मैम, ये एग्ज़ाम में पक्का आएगा न?" येईल रे बाबा. दर वर्षी येतं. शिकवून शिकवून माझ्याच तोंडाची चव गेली आहे.

घरी मुक्ता तोंड पाडून बसलेली. तिच्या साहेबांचा निरोप : संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते इथलं नेट तपासणार. नीट चाललं तर घरूनच काम, नाही तर परत बंगलोर. हे गेले तेव्हा पोरगी तिथला पसारा आवरून माझ्यासाठी आली. आता ती गेली तर या घरात मी आणि फ्रिजची घरघर. नको. नेट नीट करायचंच.

७ जाने.
लाइनवाले तोमर येऊन गेले. मीटर लावून बघितलं. "मैडम, हमारी तरफ़ से तो सिग्नल फुल है।" सगळे असंच म्हणतात. मग मीच खालून सुरुवात केली. वायर ठीक. राउटर ठीक. पत्ता मिळतोय. बंगलोरच्या सर्व्हरला हाक मारली, ओ देतोय. प्रत्येक थर हात वर करून मोकळा, आणि काम अडलेलं ते अडलेलंच.

मुक्ता : "मेसेज जातात, मेल जाते, आवाजपण जातो. मोठी ड्रॉइंग पाठवली की बस, अटक जाती है।" मग म्हणाली, "आई, छोड़ो ना. तू का जीव काढतेस?"
छोड़ो काय? जन्मभर हेच शिकवलंय. इथे हरले तर काय इज्जत राहिली माझी.

९ जाने.
पेपर तपासले. मान धरली. कपडे काढायला गच्चीवर गेले तर मुक्ता फोनवर हसत होती, किती दिवसांनी. मला बघून गप्प. "कोण गं?" "ऑफिसचं." बरं.

आम्ही दोघी दिवसभर बोलतो तशा. दूध आलं का, गीझर बंद कर, जयेंद्रगंजच्या बाजारात जातेस तर माझा चष्मा आण. यापलीकडे...
असो.

१२ जाने.
सापडलं!! आणि लाज वाटली.

आज लहानापासून मोठ्यापर्यंत एकेक पाकीट सोडून बघितलं. छोटी सगळी परत आली. एका मापाच्या पुढची एकही नाही. वाटेत कुठेतरी रस्ता अरुंद आहे. तिथलं यंत्र मोठं पाकीट टाकून देतं, पण मुकाट्याने नाही. मागे कळवतं, मोठं आहे, बारीक करून पाठवा. तो निरोप आमच्या दारापर्यंत येत होता आणि आमचाच राउटर तो बाहेरच्या बाहेर फेकत होता. का? तर दिवाळीत नवा राउटर बसवताना बाईसाहेबांनी सुरक्षेच्या नावाखाली दिसेल त्या चौकोनात टिक केली. साध्या माणसाने राउटरच्या त्या सेटिंगच्या पानाला हातही लावला नसता. असली चूक करायला नेटवर्कची मास्तरीणच लागते.

एक टिक काढली. मुक्ताची ड्रॉइंग सरसर गेली. मी टाळी वाजवली. एकटीनेच. ती "अरे वाह" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा उतू गेला.

१३ जाने.
"साहेबांना कळवलंस का?" सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. कळवते, कळवते. जेवताना तिसऱ्यांदा विचारलं तर घास हातातच राहिला तिचा.
"आई, नेट खराब होतं ना, तो मुझे कुछ बोलना नहीं पड़ता था।"

तिला बंगलोरला परत जायचंय, हे न कळायला मी काही इतकी बावळट नाही.

राग आला. भयंकर राग आला. माझ्यावर उपकार म्हणून राहत होतीस? "तर जा की, कोणी धरून ठेवलंय," असं म्हणून बसले. ती ताट तसंच टाकून उठली. मग मीही जेवले नाही. हे असते तर त्यांनी दोघींनाही दटावलं असतं.

१४ जाने. संक्रांत.
तिळगूळ दिला-घेतला, नजर न भिडवता. साहेब उद्या सकाळी तपासणार. दुपारी मुक्ता खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, वो टिक वापस लगा सकती हो क्या?"

म्हणजे खोटं तिने बोलायचं नाही, मी नाही, राउटरने बोलायचं. नातेवाईकांना सांगायलाही बरं, नेटच चालत नाही हो ग्वाल्हेरला, काय करणार बिचारी. आणि मलाही रडायला एक कारण, ज्यात कोणाचाच दोष नाही.

पान उघडलं. बोट माउसवर. खरं सांगायचं तर लावून टाकावीशी वाटली. किती सोपं. दमलेय मी.

पान बंद केलं. म्हटलं, "नाही लावणार. जायचं असेल तर साहेबांना सरळ सांग. पण आधी मला सांग."

"तू रागावशील."
"रागावेन. तरी सांग."

तेव्हापासून समोर बसलीय. तिळाच्या गजकीचा तुकडा मोडतेय, खात नाही. तोंड उघडते, परत मिटते. मी मान वर न करता लिहितेय, म्हणजे तिला जरा सोपं जाईल.