चौथं तिकीट

मस्कत
१० फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
योगिताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. फोनवर घसा बसेस्तोवर सांगितलं, तरी तू आपली जेवलीस का म्हणून विचारत राहिलीस. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात तुझे कान गेले, आता पत्रच बरं.

हॉस्पिटल चांगलं आहे. खोलीत माझ्याबरोबर केरळची लिझी आहे, तीही नर्सच. ती सगळं खोबरेल तेलात करते. कळण्याच्या भाकरीवाचून जीव जातो माझा. भिकनमामाला म्हणावं, ठेच्याची बाटली फुटली नाही, पण बॅगेतल्या सगळ्या साड्यांना वास लागलाय.

आता खरं बोल. आपल्या एजंट धुडकूभाऊंनी काल रेल्वेच्या तिकिटाचा फोटो पाठवला. परदेशी जाणाऱ्याला विमानतळावर सोडायला आणखी तिघं निघाले, तर चौघांच्याही भाड्यात सवलत, अशी त्यांच्या ऑफिसची योजना. आपण तर तिघंच होतो. मी, तू आणि मामा. चौथं नाव वाचलं, कुंदनचं. जाऊन सात महिने झालेल्या माझ्या भावाचं तिकीट काढलंस तू? म्हणून ती खिडकीजवळची जागा कुणाला देत नव्हतीस! तपासनिसाला तो संडासला गेलाय म्हणालीस, तेव्हा मला वाटलं मामाबद्दल सांगतेय. मामा तर वरच्या बाकावर घोरत होता.

मी चिडले नाही, घाबरलेय. विमानात माझ्या शेजारी कुणी नव्हतं, तरी जेवण वाढणाऱ्या मुलीने तिथेही ताट ठेवलं. आणि इथे आमचा साबण रोज सकाळी निळा झालेला असतो. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यातून आल्यावर कुंदनच्या हातांनी व्हायचा तसा. लिझी मला बोल लावते.

लवकर उत्तर दे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
योगिता


गोडादरा, सुरत
२८ फेब्रुवारी २०२५

चि. योगितास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग मामाने मोठ्याने वाचून दाखवलं, ते मला काही ऐकू आलं नाही.

हो, काढलं मी तिकीट. काय चुकलं गं? आपल्याकडे आखाजीला घागर भरली की माणूस पितरांत जातो. तोवर तो घरातलाच. आखाजी तर वैशाखात, अक्षय्यतृतीयेला आहे. धुडकूभाऊंनी विचारलं घरातली माणसं किती, मी म्हटलं चार. त्याचं आधार कार्डही कपाटात होतं, दिलं. सवलत मिळाली हे खरं, पण नुसत्या सवलतीसाठी नाही काढलं. ताईला विमानापर्यंत मीच सोडणार, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून म्हणायचा. तुला आठवतं ना?

चूक झाली ती पुढे. आपलं माणूस असं बरोबर नेलं, तर निघताना त्याला हाक मारून परत आणावं लागतं. चाल रे भो, घर चाल, असं तीनदा म्हणायचं आणि मागे न बघता निघायचं. पण दारावरच्या शिपायाने तुला आत घेतलं, तू वळून हात केलास आणि मला काही सुचलं नाही. विसरले मी. परतीच्या बसमध्ये चलथाण मागे गेलं तेव्हा ध्यानात आलं की आम्ही दोघंच आहोत.

तेव्हा साबणाला घाबरू नकोस. लिझीबाईंना नवा आणून दे. आखाजीच्या आत मात्र त्याला पाठवून दे, नाहीतर मी घागर कुणाच्या नावाने भरू? तब्येतीला जप. मामा नमस्कार सांगतो. आईला विसरू नकोस.

तुझी,
आई


मस्कत
१४ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

मी त्याला पाठवणार नाही.

रागावू नकोस. आता भीती गेली माझी. संध्याकाळी ड्युटीवरून आले की खोलीत रंगाचा वास असतो, आणि मला घरी आल्यासारखं वाटतं. मी त्याच्याशी बोलते. लिझीला वाटतं मी जप करते. सगळं बोलते, फक्त एक सोडून. ते तोंडातून निघत नाही, म्हणून आधी तुला लिहिते.

तू सगळ्यांना सांगतेस की त्या दिवशी कुंदन दोस्तांबरोबर भटकायला गेला म्हणून हायवेवर ट्रकखाली आला. दहाव्याला मामानेही त्याला उनाड म्हटलं, आणि मी गप्प बसले. आई, तो भटकायला गेला नव्हता. रोज तो कारखान्याच्या बसने यायचा. त्या दिवशी मी फोन केला, की कुणाची तरी गाडी घेऊन चलथाणला जा आणि धुडकूभाऊंच्या ऑफिसातून माझा पासपोर्ट आण. पाऊस होता. उद्या आणतो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याच्याने एक काम होत नाही.

चार दिवसांनी पासपोर्ट माझ्या कपाटात दिसला. कुणी ठेवला ते मी कधी विचारलं नाही. त्याच पासपोर्टवर इथे आले.

त्याची माफी मागितल्याशिवाय त्याला कशी जाऊ देऊ? आणि मागितली की तो जाईल. आता तुला वाटेल ती शिक्षा दे, पण पत्र बंद करू नकोस.

योगिता


गोडादरा, सुरत
१ एप्रिल २०२५

चि. योगितास,
पोटभर आशीर्वाद.

अगं वेडे, पासपोर्ट मीच ठेवला. दवाखान्यातून त्याच्या कपड्यांचं गाठोडं मिळालं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत होता. पोर भिजलं, पासपोर्टला थेंब लागू दिला नव्हता. तेव्हाच समजले मी. दोस्तांची गोष्ट मीच उठवली, तुझं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून. त्याला उनाड म्हणवून घेतलं मी. ते मलाही सलतं.

आणखी एक. विसरले असं लिहिलं ते खोटं. मी मुद्दाम हाक मारली नाही. तो गेल्यापासून तू रडली नाहीस, आणि तशीच कोरडी परमुलखात निघालीस. म्हटलं, जाऊ दे त्यालाही. बहीणभाऊ आपसात बघून घेतील.

आता बोल त्याच्याशी. तो गेला तर जाईल, पण त्याला अडकवून ठेवायचं हे पुण्य नाही. जा म्हणायचं तेही तूच म्हण. माझं कधी ऐकलंय त्याने? मी तुझ्यावर रागावले नाही, हे दोनदा वाच.

तुझी,
आई


गोडादरा, सुरत
१ मे २०२५

चि. योगितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आखाजीच्या आदल्या दिवशी मिळालं. माफी मागितलीस, ड्युटी बदलून घेऊन दिवसभर रडलीस आणि मग त्याला जा म्हणालीस. बरं केलंस. लिझीबाई जवळ बसून राहिल्या, त्यांना माझा नमस्कार सांग.

काल घागर भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आंब्याचा रस केला. गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्यात, झोके बांधलेत, गाणी चाललीत. मामाने चारचौघांत सांगितलं, की कुंदन बहिणीच्या कामाला गेला होता, उनाड नव्हता. सांगताना त्याचा आवाज गेला, एवढं मला न ऐकताही कळलं.

मग निखाऱ्यावर पितरांची आगारी टाकली आणि पत्र्यावर घास ठेवला. मी मनाशी ठरवलं होतं, दुपारपर्यंत वाट बघायची. हात धुवून वळते तोच कावळा आला आणि घास उचलून गेला. मामा कानाशी येऊन म्हणाला, सरला, बघ, पोराचं मन कशात अडकलं नाही.

मला मात्र राग आला गं. इतक्या दिवसांनी घरी आला होता, घटकाभर तरी थांबायचं होतं त्याने.

पत्र लिही. ओढ राहू दे.

तुझी,
आई