रविवारची वाघर

निरवांगी, ता. इंदापूर
मंगळवार, ४ मार्च १९९७

प्रिय सिद्धू,

आधी तुझ्या पायाची विचारपूस करतो. कसा आहे? आणि कुठला आहे, तेही कळव. भीमा सांगतो डावा, आणि तुमच्या संघातल्या ज्या पोराकडून त्याला कळलं, तो म्हणतो उजवा. रविवारी बारामतीला धोंडाबाई चषकाचा अंतिम सामना, एका बाजूला आपला बिरोबा क्लब, दुसऱ्या बाजूला तुझ्या कंपनीचा संघ, आणि नेमका तूच पाय धरून बसलेला. तुमच्या संघात तुझं नाव नाही ही बातमी काल संध्याकाळी गावात पोचली. पायाचं मी शेवटी बोलणार आहे. तू गेल्यापासून वर्षभर आपण धड बोललेलोच नाही. फोनवर तू "बरंय" म्हणतोस, मी "हं" म्हणतो, आणि मागं रांगेत उभी असलेली माणसं आपल्याकडं बघून हसतात. म्हणून आज सगळं ऐसपैस लिहितो. पत्र पोस्टात टाकत नाही. भीमा उद्या टेम्पो घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्याच हाती देतो, म्हणजे पोचलं नाही असं म्हणायची तुला सोय राहणार नाही.

आपण लीगमध्ये ब गटातून क गटात घसरलो, हे तू वाचलं असशील. गावात याचं एकच कारण सांगतात, "सिद्धू असता तर." दूध घालायला गेलं की सिद्धू असता तर, दाढीला बसलं की सिद्धू असता तर. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी असताना माणूस काय बोलणार? पण तुला खरं सांगतो, फार फुगू नकोस. तू असतास तरी आपण खाली गेलोच असतो. यंदा लीगचं वेळापत्रक आणि कालव्याचं आवर्तन यांचं कुणीतरी लग्नच लावून दिलं होतं. पुण्याला सामना लागला की इकडं पाणी सुटलंच. आता पाणी आल्यावर दारं धरायला कोण जाणार? उसाची पाळी चुकली की पुढच्या पाण्यापर्यंत नुसतं आभाळाकडं बघत बसायचं. एका सामन्याला आम्ही नऊजण एसटीत बसलो. त्यातला माऊली, यंदाचा आपला कॅप्टन, रात्रभर पाणी देऊन तसाच आला होता, पायाला चिखल वाळलेला. पुण्यापर्यंत झोपला आणि खरं सांगू का, मैदानावरही त्याला पूर्ण जाग आली असं मला वाटत नाही. सहा गोल खाल्ले. मी वाचवले नसते तर बारा झाले असते, पण ते पेपरात येत नाही.

आणि गंमत बघ, याच संघानं चषकात मात्र धुमाकूळ घातला. बारामतीचे सामने लागायचे ते नेमके पाणी बंद असताना. अकराच्या अकरा हजर, झोप झालेली, पायात बळ. पहिल्याच फेरीत दौंडच्या पोरांना तीन गोल मारले. त्यांचा गोलकीपर मला येऊन विचारतो, तुम्ही लीगमध्ये तळाला कसे? मी म्हणालो, आमच्या कालव्याला विचार. चषक कसा आहे तुला आठवतोय ना? बारामतीच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं ठेवलेला, दोन कानांचा, दुधाच्या कॅनएवढा. दरवर्षी आपण तो लांबूनच बघत आलो. यंदा माऊलीनं घरी कपाटाच्या डोक्यावरचं सामान हलवून जागा केलीय. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "पाव्हणी येणार हाय, धोंडाबाई."

खाली जाण्याचा शेवटचा घाव मात्र पाण्यानं नाही घातला. तो घातला आपल्या आबांनी, आणि वर ते अजून मान्यही करत नाहीत. लीगचा शेवटचा सामना आपल्या गावात होता. बरोबरी झाली असती तरी आपण ब गटात राहत होतो. पुण्याची पोरं सकाळीच गाडी करून आली. दुपारी तीनला सामना, आणि अकरा वाजता आबांनी चुलीवर दोन मोठी पातेली चढवलेली. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, भात. मी म्हणालो, आबा, सामन्यानंतर वाढू. तर माझ्यावरच डाफरले, "पाव्हणं उपाशी खेळवायचं व्हय? कुठल्या गावात हाय ही रीत?" बरं, पाहुण्यांना वाढलं तर वाढलं. पण पाहुण्यांना एकटं जेवायला बसवायचं नाही ही दुसरी रीत, म्हणून आपली सगळी टीम त्यांच्या शेजारी पंगतीला बसवली. ती शहरातली पोरं हुशार. अर्धी भाकरी मोडली, हात जोडले, केळी खाऊन उठली. आणि पाहुणे लाजतायत म्हणून आपल्या पोरांनी आग्रह म्हणून स्वतःच जेवून दाखवलं! आबा डाव घेऊन मागं उभे, "लाजू नगा, वाढा त्येला." भीमानं किती भाकरी खाल्ल्या ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र त्याच्याच खिशातून येणार आहे.

पुढचं काय सांगू? पहिल्या दहा मिनिटांत आपला संघ म्हणजे दुपारच्या वेळी बाभळीखाली बसलेली मेंढरं. चेंडू पुढून जातोय आणि हे नुसते बघतायत. भीमा कॉर्नरच्या झेंड्याजवळ खाली बसला तो उठेना. एक गोल झाला, तोही असा मऊ की माझ्या एवढ्याशा छकुलीनं अडवला असता. पाहुणे जिंकले, आबांच्या पाया पडले, उरलेला रस्सा डब्यात घालून घेऊन गेले आणि आपण क गटात गेलो. संध्याकाळी सगळे तोंड पाडून बसलेले, आणि आबा शांतपणे म्हणतात, "गट काय, फुडल्या वर्षी परत चढता यील. गावचं नाव खाली गेलं तर कुठून चढायचं?" मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी उठून गोठ्यात गेलो. पण त्यानंतर चषकाच्या उपांत्य सामन्याला पोरांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. पेनल्टीवर गेला तो सामना आणि मी दोन अडवल्या. बढाई वाटेल, वाटू दे. आहेच ती.

गोठ्यात गेलो तेव्हा खुंटीवरची वाघर दिसली. तुला त्या वाघरीचा पहिला दिवस आठवतो की नाही कुणास ठाऊक, तू फार लहान होतास. आबांनी मेंढरं विकून ऊस लावला आणि कळपाभोवती रात्री उभी करायची ती जाळी तेवढी विकली नाही. मग शाळेत कोल्हापूरचे पीटीचे सर आले, त्यांनी कुस्तीच्या गावात फुटबॉल आणला आणि गोलला जाळी हवी म्हणाले. आबा म्हणाले, "जाळी कशाला इकत आणता? माझी वाघर रिकामीच हाय की." एकाच गोलाला पुरली ती. दुसरा गोल तसाच उघडा, चेंडू थेट उसात. म्हणून तू कायम वाघरीच्या बाजूलाच मारायचास आणि मी कायम तिच्यापुढं उभा. शाळा सुटल्यापासून आई हाका मारेपर्यंत. तू इतका जोरात मारायला कसा शिकलास हे पुण्यात लोक विचारतात म्हणे. त्यांना सांग, मोठा भाऊ सहज सोडत नव्हता म्हणून.

गेल्या वर्षी कंपनीनं तुला नोकरीसकट बोलावलं, तेव्हा क्लबातली पोरं खूप काही बोलली. मी काही बोललो नाही, म्हणून तुला वाटलं असेल की मीही रागावलोय. राग नव्हता रे. वाघरीपुढं उभं राहावं आणि समोरून कुणी येऊच नये, तसं झालं होतं मला. एकटं वाटत होतं. नोकरी घेतलीस ते शंभर टक्के बरोबर केलंस. मला बोलावलं असतं तर मी चपला न घालता गेलो असतो. पण मला कोण बोलावणार, आपल्या गावाबाहेर गोलकीपरची किंमत कुणाला आहे? आबांनी मात्र तुझं नाव घेणं सोडलं. लोक "सिद्धू असता तर" म्हणाले की ते उठून जायचे. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनातून पोरगं उतरलं. मलाही तसंच वाटत होतं, कालपर्यंत.

कालचं सांगतो. बारामतीच्या मैदानावरची जाळी फाटलीय, म्हणून दोन्ही संघांनी एकेक जाळी आणावी असा निरोप आला होता. एका गोलाला तुमची, एका गोलाला आपली. तेव्हापासून आबा वाघर काढून बसलेत. अंगणात पसरलीय, तुटलेले फास ओवतायत, गाठी मारतायत, चष्मा सारखा नाकावरून घसरतोय. त्यात भीमा बातमी घेऊन आला, सिद्धूचा पाय मोडलाय, तो खेळणार नाही. पोरांनी उड्या मारल्या. कुणी म्हणालं आता चषक आपलाच, कुणी म्हणालं बिरोबा पावला. माऊली तर गुलाल आणायला निघाला. आणि आबांनी हातातली दोरी खाली ठेवली. म्हणाले, "मग वाघर कुणासाठी बांधू?" एवढंच. उठून आत गेले. वाघर रात्रभर तशीच पसरून पडली होती, आज सकाळीही तिला कुणी हात लावलेला नाही. आम्ही समजत होतो म्हातारा अकरा जणांसाठी बसलाय. तो एकासाठीच बसला होता.

आता तुझ्या पायाचं. परवा रविवारी भिगवणची द्वारकाआत्या घरी आली होती. आई चुलीपाशी गेल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. स्टेशनाबाहेरच्या तिच्या भज्यांच्या गाडीवरून तिनं तुला शुक्रवारी पाहिलं. पुण्याहून उतरलास, लिंबाखाली पिशवी घेऊन बसलास. बारामतीची एक गाडी सोडलीस, दुसरी सोडलीस. आत्याला वाटलं, घाणा उतरवून तुला हाक मारावी, तोवर पुण्याची पॅसेंजर हलली आणि तू उठून पळत सुटलास. ती म्हणाली, "म्हस्कू, काय पळालं पोरगं! चालत्या गाडीचा डबा धरला त्येनं." ना डावा दुखला, ना उजवा. मी तिला म्हणालो, हे आईला सांगू नको. आणि काल भीमानं मोडलेल्या पायाची बातमी आणली तेव्हा मला सगळं उमगलं. तू घरी यायला निघाला होतास आणि आपल्यावर गोल मारावा लागेल म्हणून अर्ध्या वाटेतून परतलास. वेड्या, आमच्यावर दया करतोस? क गटातला संघ आहे म्हणून? आम्ही कालव्यापुढं हरलो, रश्श्यापुढं हरलो, तुझ्यापुढं हरायचं की नाही ते रविवारी मी ठरवीन. तू नसताना जिंकलेली धोंडाबाई मी माऊलीच्या कपाटावर चढू देणार नाही, गावात सगळ्यांना सांगेन की ती फुकट मिळाली. म्हणून हे पत्र. भीमा तुझ्या खोलीवर येईल तेव्हा त्याच्या देखत जिना उतरून दाखव आणि तुमच्या कोचला सांग, पाय बरा झाला. आई दोन्ही संघांचं जेवण टेम्पोत घालून मैदानावर आणणार आहे, पण झाकण सामना संपल्यावरच उघडेल, तशी तिनं आबांकडून बिरोबाची शपथ घेतलीय. तू येतोयस एवढा निरोप भीमाबरोबर धाड, मी तो आबांना सांगतो आणि दोरी त्यांच्या हातात देतो. रविवारी एका अर्ध्यात मी वाघरीपुढं उभा असेन आणि तू समोरून येशील. सगळी ताकद लावून मार. मी अडवणारच आहे. पण चुकून गेलाच एखादा आत, तर जाईल कुठं? आपल्याच वाघरीत.

रविवारची नव्वद मिनिटं सोडून कायम तुझाच,
म्हस्कूदादा