कॅमेरा हलतोय

१ जानेवारी, सकाळी ६.१०
निवृत्त होऊन दोन महिने झाले. संकल्प: वर्षअखेर एक लाख सबस्क्राइबर. चॅनेलचं नाव 'वळणदार'. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं प्रमाणपत्रांवर नावं लिहिली. कित्येक घरांच्या भिंतींवर माझं अक्षर फ्रेममध्ये टांगलेलं आहे. ते माझं आहे हे त्या घरांना माहीत नाही, इतकंच. आता कळेल.

४ जानेवारी
पहिला व्हिडिओ टाकला. 'काना सरळ कसा काढावा'. अकरा मिनिटं. व्ह्यूज सहा. त्यातले चार माझेच, पण सुरुवात महत्त्वाची. कन्येला फोन करून विचारलं. म्हणाली, सुरुवात पाहिली बाबा, छान आहे. सुरुवातीला मी फक्त घसा खाकरतो.

७ जानेवारी
अभ्यास केला. नवशिक्या क्रिएटरने उजेड, आवाज आणि स्थिर कॅमेरा सांभाळावा, असं एक मिसरूड न फुटलेला तज्ज्ञ सांगतो. उजेडासाठी टेबल खिडकीशी सरकवलं. आवाजासाठी पंखा बंद. कॅमेऱ्यासाठी स्टँड आणला. तो समोरून दाखवतो. मला कागद वरून हवा. वाकवला तर दौतीत डोकं घालतो. शेवटी हिलाच स्टुलावर उभं केलं, फोन दोन्ही हातांत, कागदाच्या बरोबर वर. हिला दुपारी तसं काही काम नसतं. स्वयंपाक, भांडी, कपडे सोडले तर.

१९ जानेवारी
पाचवा व्हिडिओ. व्ह्यूज चौदा. पिकतं तिथे विकत नाही.
पहिली कमेंट आली! 'कॅमेरा हलतोय.' बस्स, एवढीच. हिला वाचून दाखवली. म्हणाली, हो, उजवा हात जरा थरथरतो हल्ली. मी म्हटलं, मन एकाग्र केलं की थरथरत नाही. एकतीस वर्षं लिहिलं, माझा थरथरला का?
ही स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवायला गेली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
आज हिने तीनदा शॉट बिघडवला. ओरडलो. ओरडणं रेकॉर्ड झालं. ते कापण्यात दीड तास गेला. पण कापणं आता छान जमतं. 'अगं हलवू नकोस' इतक्या सफाईने काढतो की व्हिडिओत मी अगदी शांत, प्रेमळ गृहस्थ वाटतो. मूळ क्लिप्स मात्र जपून ठेवल्या आहेत. पुढे कुणाला माझ्यावर माहितीपट करायचा झाला तर लागतील.

११ फेब्रुवारी
शोध! एडिटिंगच्या ॲपमध्ये एक बटण आहे. दाबलं की हललेलं चित्र स्थिर होतं. प्रश्न मिटला. तरी हिच्यावर ओरडणं चालू ठेवलंय. हाताला शिस्त हवी.

२० फेब्रुवारी
हिने वाण्याची यादी लिहून दिली. वाचायला भिंग लागलं. लग्नाआधीच्या पत्रांत हिच्या सात ओळींत पान भरायचं. आता सगळी यादी बसच्या तिकिटावर मावेल. संसाराने माणूस चिकट होतो तो असा.
पण यावरून कल्पना सुचली. नवी मालिका: 'एकवीस दिवसांत अक्षर बदला'. विद्यार्थिनी: ही. टेबलाशी बसून लिहायचं, त्यामुळे समोरचा स्टँड चालतो. ही म्हणाली, मला नको हो, लोक हसतील. मी म्हटलं, एकविसाव्या दिवशी रडतील, आनंदाने.

२६ फेब्रुवारी. दिवस सहावा
ओळ बरी सुरू करते आणि टोकाला पोचेपर्यंत मुंग्या. मोठं काढ म्हटलं की दोन अक्षरं मोठी, पुन्हा मुंग्या. हा निव्वळ हट्टीपणा. व्ह्यूज मात्र दोनशे बारा!
एक बाई लिहितात: 'काका, मी नर्स आहे. काकूंचं अक्षर लिहिता लिहिता बारीक होतंय आणि चेहऱ्यावर काही हलत नाहीये. कृपया त्यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.' कमेंट काढून टाकली. नकारात्मक मजकूर चॅनेलला मारक असतो. आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चेहऱ्यावर काही हलत नाही म्हणे. शिकत असलेला माणूस गंभीरच दिसतो.

६ मार्च. दिवस चौदावा
नर्सबाई पुन्हा आल्या. ब्लॉक केलं.
हिला ब्लाउजची बटणं लावायला दहा मिनिटं लागली. तोवर खिडकीतला उजेड गेला. शूटिंग रद्द. क्रिएटरचं दुःख घरच्यांना कळत नाही.

१३ मार्च. दिवस एकविसावा
अडचण. पहिल्या दिवसाचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवली. आजचं जास्त वाईट.
तासभर विचार केला. मग आजचं पान 'आधी' म्हणून लावलं आणि पहिल्या दिवसाचं 'नंतर' म्हणून. यात खोटं काही नाही. दोन्ही पानं हिचीच, दोन्ही घरातलीच. फक्त निकाल जरा आधी लागला होता.
ही मागून बघत होती. म्हणाली, अहो, उलटं लागलंय. मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

१६ मार्च
चार हजार व्ह्यूज! 'काकूंनी कमाल केली!' 'सर, तुम्ही जादूगार आहात!' हिला सगळ्या कमेंट वाचून दाखवल्या. हिने ऐकल्या आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसून राहिली. लाजली असेल.

१९ मार्च
आभाराचा खास व्हिडिओ घेत होतो. ही स्टुलावर. उतरताना पाय उचललाच गेला नाही, म्हणाली. पडली. कोपर सुजलंय. हाड शाबूत. फोनही शाबूत, हिने तो पोटाशी धरला होता.
संध्याकाळी कन्या येऊन धडकली. आईला दोनदा खोलीत चालायला लावलं. मग मला विचारलं, बाबा, चालताना आईचा उजवा हात हलतच नाही, हे कधीपासून? मी म्हटलं, लक्षात नाही आलं. ती म्हणाली, घरात दोनच तर माणसं आहात.

२५ मार्च
डॉक्टरबाई तरुण. हिला एक ओळ लिहायला सांगितली. ओळ टोकाला पोचली तेव्हा मोठं काढ म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं.
त्यांनी विचारलं, कधीपासून? ही माझ्याकडे बघायला लागली. मी कन्येकडे. कन्या म्हणाली, बाबांचे व्हिडिओ आहेत, तारखांसकट, फोन आईच धरते. डॉक्टरबाईंनी चॅनेल उघडलं. म्हणाल्या, सुरुवातीला हलतंय, पण पुढे चित्र तर स्थिर आहे. बटणाचं सांगावं लागलं. म्हणाल्या, मग मूळ क्लिप्स दाखवा.
एकेचाळीस क्लिप्स. आवाज चालू राहिला. अगं हलवू नकोस. पुतळ्यासारखी उभी राहा ना. एवढं साधं जमत नाही? लहान आहेस का तू? दहा बाय दहाची खोली, आणि सगळीकडे मी. डॉक्टरबाईंनी आवाज कमी केला नाही. त्यांचं लक्ष चित्राकडे होतं. कन्या भिंतीवरचा तक्ता वाचत बसली. ही मात्र पुढे वाकून बघत होती आणि अधूनमधून डॉक्टरबाईंना सांगत होती, इथे बघा, इथे फार हललाय माझ्याकडून.
मग पानं. कुठलं आधीचं, असं त्यांनी विचारलं. उलटं लावलंय, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.
पार्किन्सन्स आहे. औषधांनी हात बराच सुधारेल. आजार जाणार नाही. इतके दिवस काय करत होतात, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणतील म्हणून मी शेवटपर्यंत वाट बघितली.
माझे सगळे व्हिडिओ नीट बघणारं हे पहिलंच माणूस.

२६ मार्च, दुपार
गोळ्या सुरू. सकाळची मी दिली.
नर्सबाईंचा ब्लॉक काढला.
हिने विचारलं, आता फोन कोण धरणार? मी म्हटलं, चॅनेल बंद करतोय. तर हिचा चेहरा उतरला, त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरसुद्धा मला ते दिसलं. म्हणाली, बंद कशाला हो? तुम्ही ऑफिसात होतात तेव्हा घरी येऊन पेपरात डोकं घालायचात. हा एक तास तरी रोज माझ्याकडे बघून बोलत होतात. रागावत का होईना.
त्या तासात मी फोनकडे बघत होतो.