देव्हाऱ्यातल्या पाच मोहरा

४ ऑक्टो., शनि.
सकाळी नंदूचा पुण्याहून फोन. त्याच्या केतकीच्या लग्नात देव्हाऱ्यातल्या पाचही मोहरा तिच्या गळ्यात, हे मागेच ठरलंय. मीच म्हटलं होतं, घरात लेक ही एकच, सगळ्या तिलाच. आता भाऊराया म्हणतात, "ताई, त्या खऱ्या आहेत ना, जरा खात्री करून ठेव. इथला सोनार कड्या लावण्याआधी विचारतोय." खात्री कसली डोंबलाची! पेशवाईतल्या आहेत, ग्वाल्हेरला पणजोबांपासून पुजल्यात.
पण खरं सांगायचं तर वजन कुणी कधी केलेलंच नाही. देवाचं सोनं तराजूत घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तीस वर्षं शाळेत आर्किमिडीज शिकवला, आणि घरच्या मोहरांचं वजन मला माहीत नाही. कमाल आहे.
आईला सांगितलं तर ताटावरून उठली. "नको गं शैले, अवदसा येते." वय ८६, घरात आम्ही दोघीच, तिची नाटकं मीच बघायची.

५ ऑक्टो., रवि.
आई दुपारी झोपल्यावर मोहरा काढल्या. पन्नास वर्षांचं हळदकुंकू, नुसती पुटं. कोमट पाण्यात भिजवून धुतल्या. केशर तोलायचा छोटा काटा आहेच. काट्यावर पाण्याचा पेला, शून्य करून घेतलं, मोहर दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडली. आकडा लिहिला, कोरड्या वजनाला त्याने भागलं.
१०.३.
सोनं असतं तर सतरा तरी यायला हवं. दोरा बदलला, पाणी बदललं. दुसरी मोहर, तिसरी. पाचही तशाच. ही तर चांदीची घनता! सातवीतलं पोरसुद्धा सांगेल.
खाली बसले.
नंतर भिंग आणलं. एका मोहरेच्या कडेला ओरखडा. हा माझा! नऊ वर्षांची असताना कर्कटकाने काढलेला, आत खरंच सोनं आहे का बघायला. आईची थप्पड अजून आठवते.
पण मी एकाच मोहरेवर काढला होता. आज पाचहींवर आहे. त्याच जागी, तेवढाच लांब, शेवटाला तोच बारीक वळसा. पाचही एकाच साच्यातून ओतलेल्या. म्हणजे माझ्या ओरखड्यानंतरच्या. पणजोबा नाहीत, पेशवाई नाही, माझ्या डोळ्यांदेखत

६ ऑक्टो., सोम.
बिट्टन मार्केटातल्या सराफाकडे गेले. माझंच काही चुकलं असेल ही आशा, दुसरं काय. त्याने कड कसोटीवर घासली, आम्लाचा थेंब टाकला, चश्मा वर केला. "दीदी, ये तो चाँदी पे सोने का पानी है. किसने दिए?"
"घर के हैं," म्हटलं. त्याने 'घर के' म्हणत अशी काही मान हलवली की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.
रिक्षात बसले, पत्ता विचारला तर अरेरा कॉलनी हे दोन शब्दही पटकन सुचेनात.

७ ऑक्टो., मंगळ.
नंदूला सांगितलं. घनता, कसोटी, ओरखडा, सगळं. ऐकून म्हणाला, "ताई, आई ग्वाल्हेरहून तुझ्याकडे आल्यापासून बारा वर्षं देव्हाऱ्याच्या कपाटाची चावी तुझ्याकडेच आहे ना?"
मी म्हटलं, "हो."
"नाही, सहज विचारलं."
सहज! ह्याला मी कडेवर घेऊन फिरले. फोन ठेवला आणि तिथेच स्वैपाकघरात उभी. दूध उतू गेलं, कळलंसुद्धा नाही.

८ ऑक्टो., बुध.
आईला समोर बसवलं. पाचही मोहरा तिच्या पदरात टाकल्या. भिंग द्यायला लागले तर म्हणाली, "ते नको. मला ठाऊक आहे."
ठाऊक आहे!!
तुटक तुटक बोलली, तसंच लिहिते. मी ओरखडा काढला, दिवाळी तोंडावर, आजी बघेल ह्या भीतीने आईने पाचही मोहरा पदराखाली नेऊन सोनाराला दिल्या. "एवढं घासून द्या, आणि सगळ्यांना एकसारखी चमक आणा." घरात कुणाला पत्ता नाही. वजन केलं नव्हतं, तराजूत घालायचं नाही ना! तो म्हणाला, दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी पाच चकचकीत मोहरा मिळाल्या. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडताना तिने पाहिलं, ओरखडा पाचहींवर. धावत गेली तर दुकानाला कुलूप. सोनार गाव सोडून गेलेला.
"मग बाबांना सांगितलंस?"
"काय सांगू? देवाचं सोनं मी घराबाहेर काढलं म्हणून?"
आजीला मोतीबिंदू, बाबा लांबून नमस्कार करणारे. आई दरवर्षी कुंकवाचं बोट नेमकं ओरखड्यावर टेकवायची. आजी चिंचेने घासायची ते हिने बंद केलं, "देवाला घासू नये" म्हणून. मला वाटायचं केवढी सोवळ्याची! त्रेपन्न वर्षं, बाई.
राग यायला हवा होता, पण तिच्याकडे बघून रडूच आलं. तेहतीस वर्षांची पोर होती ती. म्हटलं, "नंदूला सांगशील ना? तो मला चोर समजतोय." म्हणाली, "सांगेन की. येऊ दे त्याला."

११ ऑक्टो., शनि.
नंदू आला. बाकरवडी, आईला शाल. चहा झाल्यावर मीच विषय काढला. "आई, सांग त्याला."
आईने शाल खांद्यावर सारखी केली. "काय सांगू?"
"सोनाराचं."
"कोण सोनार? मला काही आठवत नाही बाई. मोहरा हिच्याकडेच असतात."
मी बघतच राहिले. नंदू खिडकीबाहेर बघत होता. ओरखड्याचं पुन्हा सांगायला गेले तर म्हणाला, "मी तेव्हा चार वर्षांचा होतो ताई, मला काय आठवणार? जाऊ दे. केतकीला आपण दुसरं काहीतरी करू." आणि मोहरांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच राहू दे."
शिवी दिली असती तर परवडलं असतं.

१२ ऑक्टो., रवि.
नंदू सकाळी मित्राकडे गेला तेवढ्यात आईला गाठलं. "असं का केलंस? बुधवारी मला कबूल केलंस ना?"
भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू चिडलीस तरी दुपारी मला ताट वाढशील. तो चिडला तर फोनसुद्धा करणार नाही. मी दोघांना ओळखते."
वरणाचा डाव माझ्या हातात तसाच. आणि बारा वाजता वाढलंच. मऊ भात, वर तूप, लिंबाची फोड. जेवली. तिचं खरंच ठरलं. ह्याचाच जास्त राग येतोय.

नंदूची गाडी साडेतीनला. आत्ता आंघोळीला गेलाय, निघताना देवाला नमस्कार करेलच.
आत्ताच देव्हाऱ्यात डोकावले. मी स्वच्छ धुतलेल्या मोहरा आईने पुन्हा ओळीने मांडल्यात. भिंग माझ्या पर्समध्ये, तिचा चश्मा पलंगावर. तरी पाचही मोहरांवर कुंकवाचं बोट आहे, कडेला, बरोब्बर ओरखड्यावर. एकही इकडे तिकडे नाही.
नंदूला आता फक्त एवढंच दाखवायचं. मला ओरखडा शोधायला भिंग लागलं, आणि आईला
नळ बंद झाला. आई दारात उभी आहे, माझ्याकडे बघतेय.