गेटवरची स्ट्रॅटेजी

३ सप्टेंबर
पुण्याहून इथे, वेम्बलीजवळच्या स्टॅनमोरला येऊन दोन आठवडे. व्हिसा आसावरीच्या नोकरीवर, मी डिपेंडंट. शब्दच चुकीचा आहे. घर मी चालवणार, म्हणजे डिपेंडंट त्या दोघी. पुण्यात अख्खी टीम सांभाळली. इथे एक बायको, सहा वर्षांची अन्वी आणि एक वॉशिंग मशीन. किरकोळ.
संकल्प: रोज संध्याकाळी गरम पोळ्या.

५ सप्टेंबर
पोळ्या झाल्या. स्मोक अलार्मही झाला. इथले अलार्म जरा जास्तच सेन्सिटिव्ह. आसावरी दमून आली, ब्रेड खाल्ला, छान आहे म्हणाली. ब्रेडबद्दल असावं.

९ सप्टेंबर
शाळेच्या गेटवर वरदा भेटली. अन्वीच्या वर्गातल्या सान्वीची आई, मूळची नागपूरची. मी काय करतो, विचारलं. म्हणालो, स्ट्रॅटेजी. मोस्टली फ्रॉम होम. खोटं नाही. दुपारभर भाजीची स्ट्रॅटेजीच चालली होती.
उद्यापासून गेटवर ब्लेझर. पर्सनॅलिटी हवी.
अन्वीने विचारलं, बाबा, तुला ऑफिस मिळालं? म्हटलं, तसंच समज. कोणी विचारलं तर तसंच सांग.

१७ सप्टेंबर
आसावरीचा लोकरीचा स्वेटर धुतला. आता अन्वीला बरोबर बसतो. आसावरीने घडी घालून तो अन्वीच्या कपाटात ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.
आईचा फोन. जॉईन झालास का रे? आवाज तुटतोय म्हणून ठेवून दिला. आवाज स्वच्छ होता.

२६ सप्टेंबर
वरदाकडे जेवायला. तिचा नवरा देव इथेच जन्मलेला. मोडक्या मराठीत "तुझी ऑफिस कुठे आहे?" विचारू लागला. क्लायंटचं नाव सांगता येत नाही म्हणालो. आसावरीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फार कॉन्फिडेन्शियल असतं याचं. मलासुद्धा सांगत नाही." सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.
परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. सांगणार होतो की अर्ज करतोय, कुठूनच उत्तर येत नाही. नाही सांगितलं. तिला उगाच टेन्शन कशाला.

८ ऑक्टोबर
शाळेत पेरेंट्स इव्हनिंग. आसावरीला मीटिंग, अन्वी वरदाकडे; मी एकटाच गेलो. टीचर म्हणाल्या, अन्वीचे वडील येतील असं वाटलं होतं. म्हटलं, मीच. त्या लालबुंद झाल्या. अन्वीने सांगितलंय म्हणे, बाबा मोठ्या ऑफिसात असतो, आणि रोज न्यायला येतो तो घरी कामाला असलेला काका.
मी हसलो. मुलांची इमॅजिनेशन, म्हणालो. त्यापुढे वाचन-गणिताबद्दल काय सांगितलं, आठवत नाही.
वरदाकडून अन्वीला घेऊन घरी आल्यावर तिला विचारलं. रागावलो नाही. ती बूट काढत होती.
"तू ऑफिसमध्ये असतोस तर मला न्यायला कोण येतं, असं विचारलं टीचरने. मग मला कोणीतरी सांगायलाच लागलं ना."
मग दुसरा बूट काढत म्हणाली, "काका चांगला आहे, असं पण सांगितलं मी."
आज संकल्प नाही.

९ ऑक्टोबर
आसावरीला सगळं सांगितलं. अर्जांचंही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तू घरी असतोस याची मला कधी लाज नाही वाटली. त्या दिवशी जेवताना तुझ्यासाठी खोटं बोलले, त्याची वाटली." मग उठून आमटी गरम करायला गेली. मीठ मी विसरलो होतो. तिने घातलं.

१० ऑक्टोबर
वरदाला आज खरं सांगायचं ठरवलं. भारदस्त वाक्यं तयार केली होती: करिअर ब्रेक, फॅमिली फर्स्ट वगैरे. गेटवर तोंडातून एवढंच निघालं, "मला नोकरी नाहीये."
माहीत आहे, म्हणाली. वेम्बलीला भाजीच्या दुकानात भर दुपारी ब्लेझर घालून मेथीच्या जुड्या निवडताना दोनदा दिसलास. गेटवर सगळ्यांनाच माहीत आहे. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी विचारत नाही.
मी ब्लेझरचं बटण काढलं. मग तीच म्हणाली, गुरुवारी तिला उशीर होतो, सान्वीलाही अन्वीबरोबर घरी नेशील का?
म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो.
अन्वी कधी येऊन शेजारी उभी राहिली, कळलं नाही.
"मावशी, बाबाला गुरुवारी काही नसतं," ती म्हणाली. "कुठल्याच दिवशी नसतं."
सान्वीला नेतो म्हणालो.