झाकणाखालचा भात

६ जून, शुक्रवार
पोचलो एकदाचा. बसने खिंडीत सोडलं, तिथून तासभर चालत तलावावर आलो तेव्हा अंगावर कोरडा असा एक धागा उरला नव्हता. पण मन खूश आहे. बावीस वर्षं मोरिओका शहरात बस चालवून गुडघ्यांचा भुगा झाला. आता दोन महिने हिनोसावा तलावावरच्या होड्या सांभाळायच्या, तंबू ठोकून राहणाऱ्या पाहुण्यांना वल्हं धरायला शिकवायचं आणि जेवूनखाऊन राहायचं. मालकीण तोयोआजी पंच्याहत्तरीच्या आहेत, पण काठीसारख्या ताठ. म्हणाल्या, बसवाल्याला पाण्यावर गाडी हाकता येते का ते बघू. मी म्हटलं, पाण्यावर निदान सिग्नल तरी नाहीत.

खरी गोष्ट वेगळीच आहे. पंधरा तारखेला माझी लेक चिहो येणार. घटस्फोटानंतर दोन वर्षांत पोर पहिल्यांदाच भेटणार, आता अकराची झाली. तिला होडीत बसवून धबधब्यापर्यंत न्यायचं कबूल केलंय. तिला दिलेले शब्द मी आजवर इतक्यांदा मोडलेत की हाही मोडला तर ती पुन्हा यायची नाही.

८ जून, रविवार
तीन तंबू, सात माणसं, सगळे चिंब आणि सगळे वैतागलेले. जूनचा हा पाऊस जोराने पडून मोकळाही होत नाही, नुसता ठिबकत राहतो. सकाळपासून पाण्यावर होतो. तीनला परतलो तेव्हा हात गळून गेले होते. घरात कुणी नव्हतं. खिडकीशी, तलावाकडे तोंड करून ताट वाढलेलं होतं: भात, मिसो सूप, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. वाट्यांवर झाकणं. उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण आमच्याकडे कुठल्या घरात नसतं? मी बावीस वर्षं असंच जेवत आलो. बसलो आणि शितनशीत संपवलं.

आजी आल्या आणि रिकाम्या वाट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. ताट माझं नव्हतं. त्यांचे यजमान कुनिमात्सु अकरा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत, देहही सापडला नाही. दूर गेलेल्याचं ताट घरी वाढत राहिलं की तो असेल तिथे उपाशी राहत नाही, ही रीत मला काय ठाऊक नाही? माझी आई मामासाठी वाढायची. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरले, की माणूस सुखरूप. आजी रोज झाकण उचलून बघतात आणि मगच तो भात स्वतः खातात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

मी जमिनीला डोकं टेकून माफी मागितली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, की आज ते उपाशी राहिले.

१० जून, मंगळवार
होडी जड लागते. एकटा माणूस मागे बसला की होडीचं पुढचं टोक वर उचललं जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. आज मी मागे एकटाच बसलो होतो आणि टोक खाली गेलेलं. पुढची बैठक ओली होती. पण सगळंच ओलं आहे म्हणा. तीन वाट्या भात खाल्ला. पोटात काही पडलंय असं वाटतच नाही.

१२ जून, गुरुवार
कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. आजी मात्र खुशीत. मला मुद्दाम झाकण दाखवलं, आतून थेंबच थेंब. म्हणाल्या, अकरा वर्षांत एवढे कधी धरले नव्हते. मी सांगितलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, फार थकवा येतो. त्या भात वाढतच होत्या.

"त्यांच्या वाट्याचं तू खाल्लंस. आता तुझ्या वाट्याचं ते खातायत. त्यात कुरकुर कसली?"

मी हसण्यावारी न्यायला गेलो. त्या हसल्या नाहीत.

१३ जून, शुक्रवार
पाहुणे गेले. मोकळ्या होड्या ओढून आणायच्या होत्या. वल्हं उचलेना — तरी होडी चालत होती. पुढून कुणीतरी वल्हवत होतं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, सराईत हाताने. दिसत काहीच नव्हतं. मी मागे नुसता बसून. भीती वाटली, पण थकवा भीतीहून मोठा होता. लिहायला लाज वाटते — मला बरं वाटलं.

१४ जून, शनिवार
चिहोला येऊ द्यायचं नाही. शब्द मोडला तर मोडला. आजींच्या फोनवरून फोन केला, तिनेच उचलला. उद्या येऊ नकोस म्हटलं तर हसायला लागली.

"बाबा, असं काय करतोस? सकाळी तूच तर फोन केलास, पहिली बस पकड म्हणून. आवाज किती छान होता तुझा, जरासुद्धा दमलेला नव्हता."

तो मी नव्हतो असं सांगेपर्यंत — फोन बंद. पुन्हा लागला नाही. खिंडीकडे चालत निघालो. दुसऱ्याच वळणावर पाय — आजींनी हाताला धरून परत आणलं.

१५ जून, रविवार
उठवत नाही. गादी खिडकीशी ओढली. पेन्सिलही जड.

दहा वाजले. वाटेवर पिवळी छत्री. चिहो. किती उंच झालीय —

हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. दारापर्यंत सरपटत गेलो, आजी उंबऱ्यात उभ्या, हलत नाहीत —

धक्क्यावर कुणीतरी तिला लाइफ जॅकेट चढवतंय. पाठमोरा. माझा रेनकोट. माझी टोपी. पट्टे आवळून देतोय. तिला संशय येत नाही. मी कसा उभा राहतो ते दोन वर्षांत विसरली असेल —

ती पुढे बसली. तो मागे. धबधब्याकडे नाही — मधल्या खोल पाण्याकडे —

काच ठोकतोय. तिने पाहिलं. मला पाहिलं. हात हलवला. आता मागे वळून त्याला विचारतेय, पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येतो — बाबा, खिडकीतले ते म्हातारे आजोबा कोण —