शेवंतीची मुलाखत

गिरगाव,
सोमवार, १८ जून १९५६

प्रिय मनू,

तुला आशीर्वाद, शकूला आशीर्वाद, आणि तुमच्या त्या म्हाताऱ्या पोपटालाही. काल जेवणं आटपायच्या आत मी उठून निघून आले ते पित्तामुळे नव्हे. शकूला तसं सांगितलं, कारण तिनं कोलंबीचं भुजणं मायेनं केलं होतं आणि त्याचा काही दोष नव्हता. तिच्या गुडघ्याला तेल लावते आहे ना ती? माझी लोणच्याची बरणी घाईत तुमच्याकडेच राहिली. राहू दे.

फोन करणार होते. पण खाली औषधवाल्याच्या दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाइकांदेखत, भावाशी भांडता येत नाही. म्हणून हे पत्र.

तू काल पानावर एक किस्सा सांगितलास. तुमच्या कॉलेजच्या मुलाखतीला आलेली कुठलीशी मुलगी. तुझा छंद काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आय फेच वॉटर, सर." आणि वडील काय करतात विचारल्यावर म्हणाली, "माय फादर इज इन जेल, सर." तू तिची नक्कलसुद्धा केलीस, मान ताठ, हात पाठीमागे. तुमच्या विश्वस्तांच्या हातातला पाण्याचा पेला कसा मध्येच थांबला, तेही करून दाखवलंस. शकू हसून हसून पदर डोळ्यांना लावत होती. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते, खोटं कशाला बोलू?

पण मनू, ती मान मी ताठ करवलेली आहे. ते हात मी पाठीमागे बांधायला शिकवलेत.

ती शेवंती. परळच्या महिला मंडळात मी दुपारची इंग्रजी शिकवायला जाते, हे तुला ठाऊक आहे. 'ताईचा वेळ जातो' असं तू लोकांना सांगतोस. त्या वर्गात ती दोन वर्षं पुढच्या रांगेत बसते आहे. करी रोडच्या चाळीत राहते. बाप गणपत गिरणीत साच्यावर कापड विणायचा, जानेवारीच्या गडबडीत पकडला तो अजून ठाण्याच्या तुरुंगात आहे. गुन्हा काय, तर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र पाहिजे म्हणून रस्त्यावर ओरडला. तू काल भुजण्याची दुसरी वाटी घेताना तेच म्हणत होतास. "मुंबई आपली आहे ताई, आपल्याकडून कोण घेतो बघू!" तू घरात, पंख्याखाली म्हणालास. तो बाहेर म्हणाला.

त्या महिन्यात त्यांच्या चाळीत अश्रुधूर आत शिरायचा, संचारबंदीत शाळा बंद. मार्चमध्ये ही पोर परीक्षेला बसली आणि तिला शेकडा सहासष्ट मार्क मिळाले. सहासष्ट! तुमच्या सायन्सच्या वर्गात गेल्या वर्षी किती जणांना तेवढे होते ते सांग मला.

आणि आमच्या वाडीतला रमाकांत, तुझ्या त्या ब्रिज खेळणाऱ्या सॉलिसिटर मित्राचा मुलगा, त्याला सत्तेचाळीस. परवा त्याच्या आईनं पेढे आणून दिले. म्हणाली, "मार्कांचं काय घेऊन बसलात सुमतीबाई, मनमोहनरावांनी नुसतं बोलूनच मुलगा ओळखला." काय विचारलंत त्याला? क्रिकेट. तो मुलगा वाईट नाही रे, जिन्यात भेटला तर पिशवी हातातून घेतो. पण पेढा मी तसाच वाटीत ठेवला.

यंदापासून मार्क निम्मे आणि मुलाखत निम्मी, ही तुझी, प्रिन्सिपॉलसाहेबांची, नवी टूम. ती तू कुठून उचललीस तेही मला माहीत आहे. दर दिवाळीला मीच सांगत आले, आमच्या कॉन्व्हेंटात मदर नुसते मार्क बघत नसत, सबंध मुलगी बघत. तेव्हा मला फार छान वाटायचं ते बोलायला. आता स्वतःचाच राग येतो आहे.

शेवंतीला मी तयार केलं तेही मदरनं आम्हाला केलं तसंच. खरं बोलायचं, पूर्ण वाक्यात बोलायचं, डोळ्यांत बघून बोलायचं. तिनं तिन्ही केलं. अशा खोल्यांत काय बोलायचं नसतं, हे मात्र मी तिला शिकवलं नाही, कारण मला स्वतःलाच ते कधी शिकावं लागलं नाही. मला अशा खोलीत कुणी बोलावलंच नाही. माझं सोड.

तुमची यादी शुक्रवारी लागली. तिचं नाव नाही. ती आज वर्गाला आली आणि मला म्हणाली, "बाई, ते हसले. मी काय चुकीचं बोलले?" व्याकरण तर बरोबर होतं, मनू. मी तिला काय सांगू ते तू मला कळव.

तुझी,
ताई


गिरगाव,
शुक्रवार, २२ जून १९५६

प्रिय मनू,

तुझं पत्र मिळालं. शकूच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. बाकीचं वाचून नाही.

तू लिहितोस, मार्क म्हणजे घोकंपट्टी. जो घोकतो तो पुढे जातो. कॉलेजला माणूस हवा, पोपट नको. (पोपटाला हे वाचून दाखवू नकोस.) पटण्यासारखं आहे सगळं. मार्कांना अक्कल नसते, हे मलाही कळतं. तिच्या खिडकीतून धूर येत होता हे पेपर तपासणाऱ्याला दिसलं नाही, आणि रमाकांतला घरी दोन शिकवण्या होत्या हेही दिसलं नाही. त्याला फक्त उत्तर दिसलं. पण मुलाखत घेणाऱ्या तुम्हा चौघांना सगळं दिसलं! तिची चप्पल दिसली, तिचे उच्चार दिसले, बाप दिसला. आणि ते सगळं बघून तुम्ही काय केलंत? ज्याचा बाप तुमच्या ओळखीचा, तो तुम्हाला माणूस वाटला.

तुझी स्वतःची मुलाखत आठवते का रे? मॅट्रिकला तू पहिल्यांदा गणितात नापास झालास, दुसऱ्यांदा कसाबसा निघालास. अण्णांनी तुला कोट घातला, व्हिक्टोरिया बोलावली, आंब्याची करंडी पायाशी ठेवली. तू तेव्हा अडखळत बोलायचास. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तुझं नाव विचारलं आणि तू 'म, म' करत राहिलास. नाव अण्णांनी सांगितलं. कुठला विषय घेणार, तेही अण्णांनी. पुढे काय होणार, तेही. परत आल्यावर माझ्या खोलीत येऊन रडत होतास, "ताई, मी एक शब्द बोललो नाही गं, तरी घेतलं मला." मी तुझे कान पुसले होते, इतके घामेजले होते. त्या अडखळण्यावर कुणी हसलं नाही. शेजारच्या खुर्चीत वडील बसले होते ना, आपले अण्णा!

शेवंतीची आई, लक्ष्मी, तुमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. शिपायानं तिला आत सोडलं नाही.

आता तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद. "ताई, तुझ्यासाठी म्हणून एक जागा काढतो. मुलीबरोबर तुझी चिठ्ठी पाठव, कुणी काही विचारणार नाही." हे वाचून मी तुला आशीर्वाद दिले, खरंच दिले. तशीच चिठ्ठी लिहिली आणि ट्राम पकडून करी रोडला गेले.

आणि त्या दोघींनी ती घेतली नाही!

मला वाटलं, लाजताहेत. मी म्हटलं, "अगं, भाऊ माझा आहे, परका नाही." लक्ष्मी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "बाई, तुमचे उपकार आहेतच ओ आमच्यावर. पण तिचे मार्क तिचे आहेत ना? मग चिठ्ठी कशाला? भेटीक गेल्यावर बापाशीक काय सांगू, पोरगी कुणाच्या नावावर लागली म्हणून?"

"त्याला सांगायचंच कशाला?" मी म्हटलं.

तर शेवंती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना बाई, खरं बोलायचं म्हणून."

काय करू मी या बाईचं आणि या पोरीचं, सांग! जिन्यानं उतरताना मी इतकी चिडले होते की ट्रामवाल्याशीही भांडले. ती मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते आहे, फॉर्म द्यायचे दिवस संपत आलेत, आणि यांना चिठ्ठी नको. चर्नी रोडपर्यंत मी मनातल्या मनात त्या दोघींना बडबडत होते. मग घरी येऊन चिठ्ठी पर्समधून काढली आणि वाचली. 'माझ्या विद्यार्थिनीस कृपया प्रवेश द्यावा.' तिच्या मार्कांचा त्यात उल्लेखच नव्हता, मनू. मला त्याची गरजच वाटली नव्हती.

तेव्हा चिठ्ठी पाठवत नाही. एकच मागते. तुझ्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याचे मार्क लिही आणि ती यादी पुन्हा फळ्यावर लाव. मग ज्यांना तुम्ही बोलून ओळखलंत, त्यांना का ओळखलंत ते फळ्यापुढे उभं राहून सांग. पटलं तर मी स्वतः शकूच्या हातचं भुजणं खायला येईन आणि तुझी माफी मागेन.

ताई


गिरगाव,
शुक्रवार, २९ जून १९५६

प्रिय मनू,

तुझं उत्तर नाही. फळ्यावर यादी आहे तशीच आहे, हे मी काल तुमच्या फाटकातून आत येऊन स्वतः पाहून गेले. तुझ्या खोलीत आले नाही. शिपायानं ओळखलं, "प्रिन्सिपॉलसाहेबांच्या ताई ना?" म्हणून खुर्ची आणायला धावला. बसले नाही. तिथल्या बाकाकडे पाहिलं आणि परत फिरले.

शेवंतीचं नाव दुसरीकडे लागलं. तुमच्या कॉलेजइतकं नाव नाही त्याला, इमारतीला बगीचा नाही, जायला लांब आहे. तिथं मुलाखत नाही. जाळीच्या खिडकीमागे एक कारकून बसला होता, कुशाबा म्हणून कुणीतरी त्याला मागून हाक मारत होतं आणि तो त्याच्यावरही वैतागत होता. आमच्यापुढे मोठी रांग. आमची पाळी आली तशी शेवंतीनं मान ताठ केली, हात पाठीमागे घेतले. मी घाबरले.

"नाव? मार्क किती?"

"सहासष्ट."

"सायन्स?"

"हो."

"पलीकडच्या खिडकीवर जा. चला, पुढचं कोण?"

झालं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल पाहिली नाही, मला पाहिलं नाही, लक्ष्मीलाही नाही. फॉर्मवर तिनं बापाचा धंदा गिरणी कामगार असा लिहिला होता, तेही वाचलं नाही. इतक्या उद्धटपणे आजवर माझ्याशी कुणी वागलं नसेल, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाहेर आल्यावर शेवंती जरा हिरमुसली होती. "बाई, त्यांनी बाबांचं विचारलंच नाही." मला वाटतं, ती ते वाक्य पुन्हा म्हणायला तयार होऊन आली होती. लक्ष्मी म्हणाली, "बरं झालं नाही विचारलं. येत्या रविवारी भेटीक जाऊन मीच सांगतलंय त्यांका." आणि आम्ही तिघी परळ नाक्यावर उभ्या राहून उसाचा रस प्यालो.

मी घरी आले आणि दोन दिवस हे पत्र लिहिते आहे. माझं सोड, माझं सोड, असं मी प्रत्येक वेळी लिहिते. सोडवत नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मदर स्वतः आपल्या घरी आली होती. तू बारा वर्षांचा असशील, पडद्यामागे उभा होतास. अण्णांनी तिला चांगल्या कपात चहा दिला. ती म्हणाली, हिला कॉलेजात पाठवा, हिचे मार्क असे आहेत की कुणी नाही म्हणणार नाही. अण्णांनी हसून विचारलं, "मार्क घेऊन सासरी काय करणार?" आणि तीही बिचारी हसली. ते सगळे सबंध मुलगी बघत होते, मनू. सबंध मुलगी बघितली की तिच्यात सासर दिसतं, बाप दिसतो, चाळ दिसते. मार्क तेवढे दिसत नाहीत. मला तेव्हा एखादी जाळीची खिडकी हवी होती, आणि तिच्यामागे वैतागलेला एखादा कारकून.

मदर गेल्यावर तू माझा पदर धरून म्हणालास, "ताई, मी कॉलेजात गेलो ना, की तुला सगळं शिकवीन." आणि शिकवलंसही! तुझ्या दादरच्या घरात कुणाला हे ठाऊक नसेल. मागच्या गॅलरीत बसून तू मला लॉजिक वाचून दाखवायचास, आणि मला समजावून सांगता सांगता तुझं अडखळणं गेलं. त्याचं श्रेय मी कधी मागितलं नाही, आजही मागत नाही. तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग तुझी टेनिसची मंडळी जमली आणि आपण तिसऱ्या धड्यावर थांबलो. पुढे काय होतं ते मला अजून माहीत नाही.

शेवंतीला एक जुना कोट लागेल, प्रयोगशाळेसाठी. तुझ्याकडे असेल तर पाठव. चिठ्ठी नको बरोबर.

शकूला सांग, बरणी धुऊन ठेव, मी येईन. कधी, ते सांगत नाही. इतक्या वर्षांत तू मला एक गोष्ट विचारली नाहीस, आणि पेपरात रोज पोरांचे निकाल वाचतोस, म्हणून न विचारता सांगते आणि खाली सही करते.

सुमती,
मॅट्रिक, शेकडा एकाहत्तर